मखमली सोफा काय बोलतो?

लग्नसराई आली की पाथर्डीच्या रस्त्यांवरून टेम्पो धावू लागतात. टेम्पोत लोखंडी कपाट, पलंग, गादी, मिक्सरचा खोका, आणि या सगळ्यांच्या वर दोरीने आवळलेला, प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेला सोफा. पूर्वी हा सोफा रेग्झिनचा असे, तपकिरी नाहीतर काळा. आता तो मखमलीचा असतो. गडद निळा, बाटलीसारखा हिरवा, नाहीतर वांग्याच्या रंगाचा. घरातले बाकी सारे साधे ठेवावे आणि एकच वस्तू अशी ठेवावी की आल्यागेल्याची नजर तिच्यावर खिळावी, त्या एका वस्तूने घराबद्दल काय ते बोलावे, अशी ही नवी रीत आहे. टीव्हीवरच्या मालिकांतून आणि बंगलेवाल्यांच्या दिवाणखान्यांतून ती आता तालुक्याच्या गावात आणि वस्तीवर येऊन पोहोचली आहे.

आपल्या समाजातील काही जाणती माणसे हे पाहून नाक मुरडतात. अहिल्यानगर जिल्ह्यातला हा तालुका दुष्काळी. दिवाळीच्या सुमारास इथली किती तरी कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात. अशा मुलखात मखमल कशाला, असा त्यांचा सवाल असतो. सवाल रास्त आहे, पण तो अर्धाच आहे. बसण्याची जागा हा आपल्या बाबतीत कधीच नुसता लाकडाचा आणि कापडाचा प्रश्न नव्हता.

बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्याशा आत्मकथनात आपल्या शाळेची हकिकत सांगितली आहे. सातारच्या शाळेत त्यांना वर्गाच्या एका कोपऱ्यात वेगळे बसावे लागे. बसायला गोणपाटाचा स्वतंत्र तुकडा. शाळा झाडणारा नोकर त्या तुकड्याला हात लावीत नसे, म्हणून तो संध्याकाळी घरी न्यायचा आणि दुसऱ्या दिवशी काखेत मारून पुन्हा आणायचा. सुभेदाराच्या मुलाची ही गत, मग गावकुसाबाहेरच्या पोरांची काय सांगावी? पुढे अस्पृश्यांवर गावाने लादलेल्या नियमांची एक यादी बाबासाहेबांनी आपल्या लेखनात दिली. त्यांनी काय काय केले तर तो गुन्हा ठरतो, याची ती यादी. स्वच्छ कपडे घालणे, जोडे घालणे, सोन्याचा दागिना घालणे, कौलारू घर बांधणे, घोड्यावरून गावातून जाणे. आणि त्याच यादीत आणखी एक गुन्हा आहे, हिंदूंच्या समोर खुर्चीवर बसणे.

इकडे वाड्यात बैठक असे. गादी, लोड, तक्के, आणि मानाच्या जागेवर मखमली अभ्रा. मखमलीवर कोण टेकणार, सतरंजीवर कोण बसणार, ओट्यावर कोण आणि अंगणात उभा कोण राहणार, हे जातीने ठरलेले होते. गावाची सगळी उतरंड त्या बैठकीत एका दृष्टीत दिसे. मखमल त्या काळापासून बोलत आहे, आणि ती आपल्याविरुद्ध बोलत होती.

हे सारे जुने झाले म्हणावे, तर अलीकडच्या बातम्या तसे म्हणू देत नाहीत. 2019 च्या एप्रिलमध्ये उत्तराखंडातील टिहरी जिल्ह्यात एका लग्नाच्या जेवणावळीत खुर्चीवर बसून जेवला म्हणून एका दलित तरुणाला मारहाण झाली, असा आरोप त्याच्या घरच्यांनी केला. काही दिवसांनी तो तरुण मरण पावला. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये तामिळनाडूच्या कडलूर जिल्ह्यातील एका पंचायतीचे छायाचित्र देशभर गाजले. सदस्य खुर्च्यांवर आणि निवडून आलेल्या दलित महिला अध्यक्ष खाली जमिनीवर! खुर्ची ही अजूनही काहींच्या डोळ्यांत सलते.

म्हणून ज्याचा आजा चावडीच्या पायरीखाली उभा राहून जोहार घालीत होता, त्याच्या नातवाने आपल्या घरात चांगला सोफा मांडला, तर आम्ही त्याला उधळपट्टी म्हणणार नाही. 1927 च्या डिसेंबरमध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या आयाबहिणींना काय सांगितले ते आठवा. लुगडे नेसण्याची तऱ्हा बदला, गळ्यातल्या आणि हातातल्या ज्या दागिन्यांवरून तुमची जात ओळखली जाते ते टाकून द्या, स्वच्छ राहा. राहणीतून माणसाची किंमत ठरवली जाते हे त्यांना ठाऊक होते, आणि ती किंमत आपण ठरवायची हेही ठाऊक होते. स्वतः ते नीटनेटके राहात. दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी बांधलेल्या घराला त्यांनी मगधाच्या जुन्या राजधानीचे नाव दिले, राजगृह. ते घर मात्र त्यांनी ग्रंथांसाठी बांधले होते, बैठकीसाठी नव्हे, एवढे ध्यानात असू द्यावे.

तेव्हा सोफा घ्यावा की नाही, हा वाद आम्हांला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. घरात आलेला सोफा काय बोलतो, ते मात्र कान देऊन ऐकले पाहिजे.

बसतो कोण?

आपल्याच काही घरांत असे दिसते की सोफा येतो, त्यावरचा प्लास्टिकचा कागद महिनोन् महिने निघत नाही, आणि त्यावर पाहुणा बसतो. साहेब आले, सरपंच आले, सोयरे आले की बसतात. घरातला कर्ता पुरुष बसतो. मुलगा शाळेतून आला की त्याच्यावर ‘पाय काढ’ म्हणून खेकसले जाते. आणि जी बाई दिवसभर खुरपून, वाकून, डोक्यावर मोळ्या वाहून आली, ती भिंतीला टेकून खालीच बसते. सून तर बसतच नाही. सासऱ्यासमोर, दिरासमोर सुनेने सोफ्यावर बसायचे नाही, अशी म्हणे मर्यादा आहे!

भगिनींनो, वरची ती यादी पुन्हा एकदा वाचा. अमक्यासमोर तमक्याने खुर्चीवर बसणे हा गुन्हा. गावाने आपल्यावर लादलेला हा नियम आपण वेशीवर सोडून आलो, आणि तोच नियम नाव बदलून उंबऱ्याच्या आत सुनेला लावला, तर काय म्हणावे? चौदा ऑक्टोबर 1956 ला नागपूरला जी दीक्षा घेतली, तिच्या बावीस प्रतिज्ञांत सर्व माणसे समान आहेत हे मानण्याची प्रतिज्ञा आहे. तिला घरातली सून अपवाद नाही. काही सासवा यावर म्हणतील, आम्ही नाही बसलो कधी, हिचे काय अडले? अहो, तुम्ही बसला नाहीत म्हणून तर सांगायचे. आधी तुम्ही बसा, मग हाताला धरून तिला शेजारी बसवा. पहिल्या दिवशी ती अवघडेल, काठावर टेकेल. चार दिवसांनी टेकून बसेल. एका सोफ्याने घरात एवढे केले तरी त्याचे पैसे वसूल झाले.

दाम कोणी मोजले?

आता थोडे कडू बोलायचे आहे. मघाच्या त्या टेम्पोतला सोफा पुष्कळदा दुकानातून नवऱ्या मुलाच्या घरी थेट जात नाही. तो आधी मुलीच्या बापाच्या मांडवात जातो. संसारोपयोगी साहित्य या गोंडस नावाखाली तो रुखवताशेजारी मांडला जातो आणि वऱ्हाडी मंडळी त्यावर बोट फिरवून भाव करतात. हुंडा आम्ही घेत नाही, आम्ही आंबेडकरवादी, असे व्याह्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलेले असते. फक्त ‘पोरीच्या बसण्याउठण्यासाठी’ एक सोफासेट, एक कपाट, एक पलंग! आणि ज्या पोरीच्या नावावर तो आला, तिला त्यावर बसायची बंदी.

बौद्ध विवाहाला काय लागते? त्रिशरण, पंचशील, वधूवरांच्या प्रतिज्ञा, फुले. होम नाही, सप्तपदी नाही. इतका साधा विधी हाती असताना मंचावर मंडपवाल्याकडून लाल मखमलीची राजेशाही खुर्ची भाड्याने येते. एका दुपारपुरती येते, जाते, तिचे फारसे मनावर घेऊ नये. मांडवातल्या सोफ्याचे मात्र मनावर घ्यावे लागते, कारण तो जिथून येतो तिथे रक्त आटलेले असते.

ऊसतोडीला जाणाऱ्या बापाची गोष्ट घ्या. पोरीचे लग्न ठरले की तो मुकादमाकडून वाढीव उचल घेतो. उचल म्हणजे पुढच्या हंगामाची मजुरी आधीच घेणे. ती नवरा-बायकोच्या एका कोयत्यावर घेतली जाते, म्हणून ती फेडायला आईच्याही पाठीला तेवढाच बाक येतो. हंगाम पुरला नाही तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. कारखान्याच्या रानात पाचटाच्या कोपीत झोपून, पहाटे थंडीत गाडी भरून ते मायबाप जे फेडीत असतात, त्यात व्याह्याच्या घरची ती मखमल असते. धाकटा पोरगा शाळा सोडून बरोबर आलेला असेल तर त्याचे वर्षही तिच्यात गेलेले असते.

हुंडा प्रतिबंधक कायदा 1961 सालचा आहे. लग्नाच्या बोलीत मागून घेतलेली वस्तू, मग ती रोकड असो की सोफा, हुंडाच ठरते. हुंडा देणे-घेणे या गुन्ह्याला किमान 5 वर्षे कैद आणि किमान 15 हजार रुपये किंवा हुंड्याच्या किमतीइतका, यापैकी जो जास्त तो दंड, अशी तरतूद आहे. न मागता, रीतीप्रमाणे आणि ऐपतीत बसेल एवढी भेट द्यायला कायद्याची आडकाठी नाही. पण 1985 च्या नियमांप्रमाणे अशा भेटींची लेखी यादी करायची असते. वस्तूचे वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव, वधूवरांशी नाते, आणि खाली वधू व वर दोघांच्या सह्या. ही यादी आपल्याकडे बहुतेक कोणी करीत नाही. विवाह लावणाऱ्या बौद्धाचार्यांनी पंचशील देण्यापूर्वी ही यादी मागायला सुरुवात केली, तर निम्म्या मांडवांतला सोफा आपोआप नाहीसा होईल, असे आम्हांला वाटते. यादीतली वस्तू मुलीची असते. ती सासरच्यांची मिळकत होत नाही. हेही मुलीच्या आईने समजून घ्यावे.

हुंड्याचा नसला तर सोफा पुष्कळदा हप्त्यांचा असतो. दुकानदार शून्य टक्के व्याज म्हणून सांगतो. शून्य टक्के व्याज अशी काही चीजच नसते, असे रिझर्व्ह बँकेने 2013 सालीच बँकांना बजावले आहे. व्याज वस्तूच्या किमतीत दडवलेले असते किंवा फीच्या नावाने घेतलेले असते. तेव्हा रोखीची किंमत काय आणि सगळ्या हप्त्यांची बेरीज काय, हे दोन आकडे कागदावर लिहून घ्यावेत. दुकानदार लिहून द्यायला कां-कूं करू लागला तर उत्तर मिळाले असे समजावे. आणि आपल्याकडची मोठी अडचण अशी की हप्ता दर महिन्याला येतो, मजुरी दर महिन्याला येत नाही. हंगामात अंगावरची उचल फिटत असते, हातात रोकड थोडीच पडते. पावसाळ्यात खुरपणी-निंदणी मिळाली तर मिळाली. अशा घराला हप्त्याची वस्तू परवडत नाही. बचत गटात किंवा भिशीत वर्षभर पैसे टाकून रोखीने घेतलेला सोफा उशिरा येतो, पण तो आपला असतो.

तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली आहेत. कष्टाने मिळवलेले धन असणे हे एक सुख, त्या धनाचा उपभोग घेणे हे दुसरे, कोणाचे ऋण नसणे हे तिसरे, आणि निर्दोष आचरण हे चौथे. उपभोगाला बुद्धांनी सुख म्हटले आहे, पाप म्हटलेले नाही. आपल्या घामाच्या पैशाच्या सोफ्यावर टेकून बसणे हे भोगसुखच आहे. पण त्याच्या लगतच अनणसुख, म्हणजे ऋणमुक्तीचे सुख आहे, आणि एक मिळवायला दुसरे विकले तर हिशेब तोट्याचाच. सिगाल नावाच्या तरुणाला उपदेश करताना तर त्यांनी मिळकतीचे चार भाग सांगितले. एक भाग उपभोगाला, दोन कामधंद्यात, चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवायला. सोफा पहिल्या भागातून घ्यायचा. चौथ्यात हात घालायचा नाही.

उपोसथ पाळणाऱ्या काही उपासिका विचारतात, अष्टशीलात उंच आणि आरामशीर आसन वर्ज्य आहे, मग घरात सोफा चालेल का? चालेल. रोजच्या पंचशीलात तसे शील नाही. पौर्णिमेला किंवा वर्षावासात अष्टशील घेतले असेल त्या दिवशी चटईवर बसावे, चटईवर निजावे. बाकीच्या दिवशी सोफा आहेच.

दहा बाय बाराची खोली

आता मापाचे बोलू. रमाई आवास योजनेतल्या घरकुलाचे क्षेत्र 269 चौरस फूट. त्यात स्वयंपाकाची जागा वगळली की पुढची खोली साधारण 10 बाय 12 फुटांची राहते, म्हणजे 120 चौरस फूट. तीन जणांचा सोफा 7 फूट लांब आणि 3 फूट खोल असतो, त्याने 21 चौरस फूट घेतले. दोन सुट्या खुर्च्या प्रत्येकी 3 बाय 3, म्हणजे आणखी 18. झाले 39. खोलीचा तिसरा हिस्सा गेला. रात्री पाच माणसे निजायची म्हटले तर माणशी 6 बाय अडीच धरून 75 चौरस फूट हवेत. 39 आणि 75 मिळून 114. राहिले 6 फूट. त्यात दार उघडायचे, कपाट ठेवायचे आणि पोराने अभ्यास करायचा!

म्हणून आमचे सांगणे, सेट घेऊ नये. एकच नग घ्यावा, दोन किंवा तीन जणांचा, समोर सतरंजी. नाहीतर सुताराकडून पेटीचा दिवाण करून घेऊन त्यावर मखमलीची गादी आणि तक्के करावेत. दिवसा बैठक, रात्री एकाची निजण्याची सोय, आणि पेटीत वाकळा-गोधड्या मावतात. शोभेतही काही कमी पडत नाही. सगळ्या खोलीत एकच गडद वस्तू असली तर ती उठून दिसते, तीन असल्या तर खोली अंधारते. पत्र्याच्या, एका खिडकीच्या खोलीत तर भिंतींना पांढरा किंवा फिकट पिवळा रंग हवाच. गडद निळी मखमल आणि पांढरी भिंत ही जोडी आम्हांला सर्वांत देखणी वाटते. निळ्या रंगाशी आपले नाते सांगायला नको.

बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर सोफ्याच्या वर लावू नये. पाहुण्याचे तेलकट डोके तिथे लागते, आणि बसलेल्याला ती दिसतही नाही. समोरच्या भिंतीवर लावावी, म्हणजे सोफ्यावर बसणाऱ्याची नजर तिच्यावर पडेल. तिच्याखाली पुस्तकांची फळी, फळीखाली मुलांच्या अभ्यासाची जागा, आणि दिवा त्या बाजूला. ही जागा आधी आखून घ्यावी, मग उरलेल्या जागेचे माप घेऊन सोफ्याच्या दुकानी जावे. बाबासाहेब परळच्या डबक चाळीत एकाच खोलीत शिकले. त्या खोलीत संसाराचे सगळे सामान कोंबलेले असे. मुलाला लवकर निजवून रामजी सुभेदार स्वतः जागे राहात, पहाटे दोनच्या सुमारास त्याला उठवीत आणि मग आपण आडवे होत. अशी जागा करून द्यावी लागते.

मखमल आणि फुफाटा

मखमल कशी होते हे पुष्कळांना ठाऊक नसते. कापडाचे दोन पदर एकावर एक एकाच वेळी विणतात, दोन्हींना जोडणारे धागे मधोमध कापतात, आणि कापलेली टोके उभी राहतात. तीच मखमलीची लव. पूर्वी ती रेशमाची असे, नंतर सुताची झाली, आता सोफ्यावर येते ती बहुतेक पॉलिएस्टरची. हात एका दिशेने फिरवला तर रंग उजळ दिसतो, उलट फिरवला तर गडद. तो डाग नसतो, लव झुकलेली असते. सोफा घेताना सगळ्या गाद्यांची लव एकाच दिशेने आहे ना, ते पाहावे. उलटसुलट लावलेली असेल तर कारागिराने कापड वाचवले आहे.

आपल्याकडचा खरा शत्रू फुफाटा. कल्याण-निर्मल महामार्ग गावातून जातो, उन्हाळ्यात रान उघडे पडते, आणि दुपारच्या वावटळीनंतर गडद मखमलीवर बोटाने नाव लिहिता येते. फिकट रंगावर डाग दिसतो, गडदवर धूळ दिसते, हे निवडतानाच ध्यानात घ्यावे. रोज कोरड्या मऊ ब्रशने लवेच्या दिशेने झाडावे. ओले फडके घासू नये, लव चिकटून बसते. चहा सांडला तर घासायचे नाही, सुती फडके दाबून टिपून घ्यायचे. डोक्याच्या तेलासाठी पाठीवर सुती रुमाल टाकावा. आपल्या मुली क्रोशाचे किती सुंदर रुमाल विणतात, ते टीव्हीवरून काढून इथे आणावेत. पॉलिएस्टर घाम शोषत नाही, म्हणून चैत्र-वैशाखात बसायच्या जागी सुती चादर अंथरावी.

कापडाला भुलून आतले पाहायचे राहते. सोफ्याचा पुढचा एक कोपरा वीतभर उचलून पाहावा. दुसरा पाय लगेच उचलला गेला तर सांगाडा घट्ट आहे, सोफा पिळवटला तर खोक्याच्या फळ्यांचा आहे. खालचे काळे कापड एका बाजूने उकलून लाकूड दाखवा म्हणावे. फोम मुठीत दाबून सोडावा, लगेच वर आला पाहिजे. शिवणीत नख फिरवून ढेकूण पाहावेत, विशेषतः जुना सोफा घेताना. गावातल्या सुताराकडून बाभळीचा किंवा कडुनिंबाचा सांगाडा करून घेतला, तर तो आपल्या डोळ्यांदेखत होतो आणि कापड विटले की फक्त कापड बदलता येते. तीन जणांच्या सोफ्याला साधारण दहा-बारा मीटर कापड लागते. आपल्या वस्तीतल्या एखाद्या तरुणाने हे गादीकाम शिकून घेतले तर त्याला ऊसतोडीला जावे लागणार नाही, इतके काम लग्नसराईत आहे.

हंगामाला घर बंद राहणार असेल तर आणखी एक संकट, उंदीर. पाच-सहा महिने दार उघडले नाही की ते फोम कुरतडून आत घर करतात. जाण्यापूर्वी सोफा झाडून उन्हात तापवावा, भिंतीपासून हातभर पुढे घेऊन विटांवर ठेवावा, खालचे काळे कापड फाटले असेल तर शिवून घ्यावे, शिवणीत कडुनिंबाचा वाळला पाला ठेवावा आणि वरून जुनी सुती चादर टाकावी. प्लास्टिक नको, त्याच्या आत दमट होते. किल्ली शेजारणीकडे द्यावी, आठवड्यातून एकदा दार उघडून वारा खेळू द्यायला सांगावे. ती त्यावर घटकाभर टेकली तर टेकू द्यावे.